एडीसीचा तोच चॅनेल पुन्हा पुन्हा उडतोय? डायोड लावण्याआधी करंट कुठून कुठे जातो ते बघा

पहिला फोन आला तेव्हा तक्रार अशी होती: "साहेब, विहिरीत पाणी नाही आन् मोबाईलवर फुल्ल दाखवतंय." तासगावकडचे द्राक्षबागायतदार काका. आकडा फुल्ल म्हटल्यावर कंट्रोलर मोटर बंद करत नाही, मोटर कोरडी फिरते, आणि कोरड्या फिरलेल्या सबमर्सिबलचं बिल काय येतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मी चिप बदलून दिली. चार महिन्यांनी तोच फोन, तीच तक्रार, तोच चॅनेल. या वेळी मी हुशारी करून पिनवर क्लॅम्प डायोड (जादा व्होल्टेज पिनपासून वळवणारा) लावून दिला. तिसरा फोन आला तो असा: "साहेब, आता तर काहीच दाखवत नाही."

म्हणजे आधी एक चॅनेल मरत होता, माझ्या दुरुस्तीनंतर अख्खा बोर्ड मेला. ते का झालं आणि शेवटी काय केलं, ते लिहितो. तुमचा बोर्ड वेगळा असेल, पण दुखणं बहुतेक हेच असेल.

बोर्ड साधाच. एसटीएम३२एफ१०३ चिप, १२ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा ० ते ४०९५ असा आकडा करणारा भाग), ३.३ व्होल्ट सप्लाय, चार इनपुट, प्रत्येक इनपुट ४ ते २० मिलिअँपिअरचा. विहिरीत पाच मीटर रेंजचा लेव्हल ट्रान्समीटर, तिथून पॅनेलपर्यंत दोनेकशे मीटर दोन तारांची केबल. एका तारेने २४ व्होल्ट जातात, दुसऱ्या तारेने करंट परत टर्मिनलवर येतो; हाच लूप. तिथे १५० ओहमचा शंट (करंटचं व्होल्टेज करणारा रेझिस्टर), म्हणजे ४ मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट आणि २० ला ३.० व्होल्ट. शंटपासून चिपच्या पिनपर्यंत मध्ये फक्त १०० ओहमचा एक रेझिस्टर. बोर्ड बनवणाऱ्याने तो कशासाठी ठेवला देव जाणे. संरक्षण म्हणून ठेवला असेल, तर तो नसता तरी फारसं बिघडलं नसतं.

चिप खरंच गेली का?

एडीसी ४०९५ वर चिकटला की लगेच चिप बदलू नका. आधी टर्मिनलची तार काढा. आकडा शून्याजवळ आला तर चिप धडधाकट आहे, दोष बाहेर आहे. तार काढूनही आकडा तिथेच अडकला तर पुढे जा.

सप्लाय बंद करून मल्टिमीटर डायोड मोडवर लावा. लाल प्रोब ग्राउंडला, काळा पिनला: चिपच्या आतला खालचा डायोड दिसतो, साधारण ०.५ ते ०.७. मग लाल पिनला, काळा ३.३ च्या रुळावर (म्हणजे सप्लायच्या वाटेवर): वरचा डायोड. शेजारच्या चांगल्या पिनवर हेच मोजून दोन्ही आकडे ताडून बघा, कारण खरी ओळख तुलनेतच पटते. शून्य आलं तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर डायोड जळून उघडा पडलाय, आणि शेजारच्यापेक्षा बराच कमी आला तर पिन अर्धमेली आहे. अर्धमेली सर्वांत त्रासदायक. ती चालते, पण चुकीचं सांगते.

इथे मी पहिल्यांदा फसलो होतो. बोर्डवर शंट लागलेलाच होता, त्यामुळे मीटर डायोडऐवजी १५० आणि १०० ओहम मिळून २५० ओहमच बघत होता आणि ०.२५ दाखवत होता. चांगल्या चॅनेलवरही तेवढंच. पिनजवळच्या रेझिस्टरचं एक टोक उचलल्याशिवाय हे मोजमाप निरर्थक आहे.

कशाने गेली, हे शंट सांगतो

बहुतेक जण चिप बदलतात आणि मोकळे होतात. मीही तेच केलं. कारण विचारलं की गावात उत्तर तयार असतं: वीज पडली. वळवाच्या पावसात हे खरंही असतं. पण विजेचा झटका मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात चिप मरते, पण शंटला रंग चढायला वेळ मिळत नाही.

तिसऱ्या वेळी बोर्ड भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं, शंट मधोमध तपकिरी झालाय आणि खालचा सोल्डर मास्क किंचित फुगलाय. पाव वॅटचा रेझिस्टर. त्याच्यावर २४ व्होल्ट थेट आले तर १६० मिलिअँपिअर वाहतात आणि ३.८४ वॅट उष्णता होते, म्हणजे क्षमतेच्या पंधरा पट. असा भाजलेला शंट दिसला की समजायचं, २४ व्होल्ट टर्मिनलवर बराच वेळ बसले होते. एक तर वायरिंग चुकलंय, नाहीतर केबलमध्ये दोन तारा एकमेकींना लागताहेत. शंट कोरा करकरीत आणि पिन मेलेली असेल तर मग वीज, काँटॅक्टरचा (मोटरच्या स्विचचा) झटका किंवा ग्राउंडमधला फरक यांच्याकडे वळा.

आता टर्मिनलवर २४ व्होल्ट आहेत असं धरून हिशेब करा. चिपच्या आतला वरचा डायोड पिनला साधारण ३.९ व्होल्टला धरतो. उरलेले २० व्होल्ट त्या १०० ओहमवर, म्हणजे २०० मिलिअँपिअर. या चिपची डेटाशीट एका पिनमध्ये ५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त घुसवू देत नाही, आणि सगळ्या पिना मिळून २५. आपण चाळीस पट घुसवत होतो.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. "एसटीएम३२ च्या पिना पाच व्होल्ट सहन करतात" असं सर्रास ऐकू येतं. काही पिना करतात. पण एफ१०३ मध्ये ज्या पिनांवर एडीसी आहे, त्या त्यांतल्या नाहीत.

माझ्या तीन चुका

पहिली: बीएटी५४एस लावला, १०० ओहम तसाच ठेवला. शॉट्की डायोड, दोनशे मिलिअँपिअरचा, एक बाजू ग्राउंडला, एक ३.३ ला, मधली पिनला. पुस्तकात अगदी असंच चित्र असतं. डायोडने काम चोख केलं. पिनवर येणारे २०० मिलिअँपिअर उचलले आणि ३.३ च्या रुळावर टाकले. पण तिथून ते जाणार कुठे? बोर्ड खातो साठेक मिलिअँपिअर. एएमएस१११७ सारखा रेग्युलेटर करंट देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. उरलेल्या करंटने रूळच वर उचलला. चिपची कमाल मर्यादा ४.० व्होल्ट, ती केव्हाच मागे पडली आणि चिपसोबत शेजारची फ्लॅश मेमरीही गेली. डायोड मात्र ठणठणीत होता. क्लॅम्प डायोड ऊर्जा संपवत नाही, फक्त दुसरीकडे ढकलतो. किती ढकलायची हे त्याच्या आधीचा रेझिस्टर ठरवतो, आणि तो मी बदललाच नव्हता.

दुसरी: रुळाचा धसका घेऊन पिनवर ३.३ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर वाहू लागणारा डायोड) टाकला, ग्राउंडला. या वेळी आधी १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टर. चिप वाचली असती, पण मोजणी बिघडली. कमी व्होल्टेजचे झेनर भोंगळ असतात. ३.३ हा आकडा ५ मिलिअँपिअरला दिलेला असतो, त्याच्या बऱ्याच खालीही तो मायक्रोअँपिअरमध्ये गळतच राहतो. टेबलावर २० मिलिअँपिअर दिले, आकडा सत्तर टक्क्यांच्या आसपास अडकला. विहीर तुडुंब भरली तरी बोर्ड म्हणणार पाऊण. झेनर त्याच संध्याकाळी काढला.

तिसरी चूक जरा शहाणी होती. रेझिस्टर भरपूर वाढवू म्हणून ४७ के आणि पुन्हा बीएटी५४एस. टेबलावर सगळं उत्तम. शेतावर लावलं, आणि काकांच्या विहिरीचं पाणी रोज दुपारी दहा सेंटिमीटर चढायला लागलं आणि रात्री उतरायला लागलं. मे महिना, पत्र्याचा पॅनेल, त्यावर ऊन. शॉट्कीचं लीकेज (बंद असतानाही गळणारा करंट) तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. एक मायक्रोअँपिअर जरी रुळाकडून पिनकडे गळाला तरी ४७ के वर ४७ मिलिव्होल्ट होतात. आपल्या २.४ व्होल्टच्या पट्ट्यात पाच मीटर बसवलेत, त्या हिशेबाने हे जवळजवळ दहा सेंटिमीटर. काका म्हणाले, झरा फुटला असेल. मला तसं म्हणायचा मोह झाला होता.

शेवटी काय बसवलं

टर्मिनलपासून आत येत जाऊ.

सर्वांत आधी ५० मिलिअँपिअर होल्डचा (तेवढा करंट न अडवणारा), साठ व्होल्टचा पॉलिफ्यूज, म्हणजे थंड झाला की पुन्हा चालू होणारा फ्यूज. त्याचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो, पण लूप करंटचा असल्यामुळे मोजणीवर काही परिणाम होत नाही. व्होल्टेज सिग्नल असता तर हे विचार करून लावावं लागलं असतं. १६० मिलिअँपिअर आले की तो काही सेकंदांत तापून अडवतो. तेवढे सेकंद शंटने तग धरावा म्हणून शंट पाव वॅटऐवजी ५ वॅटचा घेतला.

टर्मिनललाच ग्राउंडशी एसएमएजे३३ए टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका गिळणारा डायोड). इथे ५ व्होल्टचा टीव्हीएस लावायचा मोह होतो. तो २४ व्होल्टच्या शॉर्टमध्ये स्वतःच जळेल. ३३ व्होल्टचा असेल तर २४ ला गप्प बसतो, झटका आला की तेवढा पकडतो आणि पूर्ण क्षमतेच्या झटक्यातही ५३.३ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. त्याची ग्राउंडची वाट जाड आणि थेट टर्मिनलच्या अर्थिंगकडे हवी. ती वाट चिपच्या खालून वळवली तर झटका पाहुण्यासारखा घरभर फिरून जातो. आणि विहिरीवर थेट वीज पडली तर यातलं काहीच पुरत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

शंटनंतर १० के. सगळ्या सर्किटमधला हाच खरा राखणदार. २४ व्होल्टला याच्यातून २ मिलिअँपिअर जातात. टीव्हीएसच्या ५३ व्होल्टला ४.९. म्हणजे बाहेरचा डायोड निखळून पडला तरी चिप ५ मिलिअँपिअरच्या आत राहते. हा आकडा असा जुळला तेव्हा मला बरं वाटलं. आकार १२०६ घ्या, त्याला २०० व्होल्ट चालतात. त्याहून लहान ०६०३ वर झटका रेझिस्टरला वळसा घालून उडी मारू शकतो.

त्यानंतर क्लॅम्प, बीएव्ही१९९. हा साधा सिलिकॉन डायोड, पण लीकेज नॅनोअँपिअरच्या घरातलं. लोक म्हणतात सिलिकॉन नको, कारण तो चिपच्या आतल्या डायोडइतक्याच व्होल्टेजला चालू होतो, मग करंट नक्की कुणी घ्यायचा? त्याला उत्तर म्हणजे क्लॅम्प आणि पिन यांच्यामध्ये आणखी १ के. बाहेरचा डायोड ४.१ व्होल्टला धरतो, आतला ३.९ ला, मधल्या ०.२ व्होल्टला १ के मधून जातो फक्त ०.२ मिलिअँपिअर. दोघांची भांडणं मिटली.

पिनला लागून १०० नॅनोफॅरॅड. याची गरज दुसऱ्याच कारणाने. एडीसीच्या आत ८ पिकोफॅरॅडचा छोटा कपॅसिटर प्रत्येक सँपलला भरावा लागतो, आणि ११ के मधून तो सावकाश भरतो. बाहेर १०० नॅनोफॅरॅडची टाकी भरलेली असली की तो क्षणात भरतो, टाकीची पातळी एका काउंटएवढीही हलत नाही. कपॅसिटर नको असेल तर सँपलिंगचा वेळ २८.५ सायकल किंवा जास्त ठेवा. विहिरीचं पाणी काही मिलिसेकंदात बदलत नाही, त्यामुळे मला १.१ मिलिसेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटची फिकीर नव्हती. ज्यांना वेगवान सिग्नल मोजायचाय त्यांनी इथे कपॅसिटर कमी करावा. उलट १० मायक्रोफॅरॅड लावू नका. सप्लाय बंद झाला की एवढा मोठा साठा पिनच्याच डायोडमधून रिकामा होतो.

रुळाचाही बंदोबस्त करून टाकला. चारही चॅनेलवर एकदम २४ व्होल्ट आले तरी ८ मिलिअँपिअर येतात, ते बोर्ड खाऊन टाकतो. पण चिप झोपवून ठेवणारे बॅटरीवरचे बोर्ड काहीच खात नाहीत. तिथे ३.३ आणि ग्राउंडमध्ये टीएल४३१ (ठरवलेल्या व्होल्टेजला उघडणारी छोटी चिप), सोबत ४.७ के आणि १० के. रूळ ३.६७ च्या वर जायला लागला की तो जादाचा करंट ग्राउंडला सोडतो.

भूत चालू असतं तेव्हा

याच पॅनेलमध्ये आणखी एक गोष्ट होती. लूपचा २४ व्होल्ट एका सप्लायवर, बोर्ड दुसऱ्यावर. बोर्डचा सप्लाय बंद केला तरी त्यावरचा एलईडी मंद मिणमिणत राहायचा. ट्रान्समीटरचा करंट १०० ओहम आणि वरच्या डायोडमधून रुळात शिरत होता आणि चिप अर्धवट जागी राहत होती. ही चिप २ व्होल्टलाही चालते, त्यामुळे ती चालतेही आणि भलतंच काहीतरी करतेही. सप्लाय पुन्हा दिला की नीट रीसेट होत नाही, अडकून बसते. "बंद-चालू केलं तरी सुटत नाही, दहा मिनिटं बंद ठेवलं की सुटतं" अशी तक्रार आली की पहिला संशय याच्यावर घ्या. १० के नंतर हा करंट पाव मिलिअँपिअरच्याही खाली येतो आणि एलईडी विझतो.

पिन ग्राउंडच्या खाली गेली तर वेगळाच खेळ. चॅनेल एक उणे झाला की चॅनेल दोनवरच्या प्रेशर सेन्सरचा आकडा उड्या मारतो. एफ१०३ ची डेटाशीट स्वतःच इशारा देते की उणे करंट घुसला की इतर चॅनेलची अचूकता बिघडते. म्हणून जो चॅनेल वेडा दिसतो त्याच्या शेजाऱ्यांकडेही बघा.

ज्यांचा लूप नाही, साधं व्होल्टेज मोजायचंय, त्यांच्यासाठी दोन ओळी. १२ व्होल्टवर चालणारा एलएम३५८ (सिग्नल वाढवणारा ऑपअँप) थेट ३.३ च्या एडीसीला जोडू नका, तो बिनदिक्कत दहा व्होल्ट बाहेर काढतो. बॅटरी मोजायला ट्रिमपॉटचा डिव्हायडर करू नका, कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन टोकापर्यंत फिरवतो आणि बॅटरी थेट पिनवर येते. वर १०० के ठेवलेला पक्का डिव्हायडर असेल तर खालचा रेझिस्टर तुटला तरी पिनमध्ये ०.१ मिलिअँपिअरच जातो. आणि आर्डुइनोवाल्यांच्या एटमेगा३२८पी ला १० के पर्यंतचा सोर्स रेझिस्टन्स सोसतो, त्याच्या पुढे वर सांगितलेली टाकी लावा.

टेबलावर मारून बघा

शेतावर पाठवण्याआधी मी स्वतः २४ व्होल्ट लावले. शंटचं एक टोक उचलून, बेंच सप्लायची करंट मर्यादा २० मिलिअँपिअरवर ठेवून, व्होल्टेज हळूहळू वर. एक मीटर १० के वर, एक ३.३ च्या रुळावर. १० के वर २० व्होल्ट दिसले म्हणजे २ मिलिअँपिअर. रूळ जागचा हलला नाही. शेजारच्या तिन्ही चॅनेलचे आकडे आधी लिहून ठेवले होते, ते तसेच. मग हेअर ड्रायरने डायोडजवळ गरम हवा मारली आणि ४ मिलिअँपिअरचा आकडा पाहिला. तोही हलला नाही, दुपारचा झरा आटला.

सॉफ्टवेअरमध्ये एवढंच केलं: २१ मिलिअँपिअरच्या वर, म्हणजे ३९०९ काउंटच्या पुढे गेलं तर ते पाणी समजायचं नाही, दोष समजायचा, मोटर बंद करायची आणि वेळेसकट लॉगमध्ये लिहायचं. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली, म्हणजे ६७० काउंटच्या खाली गेलं तर तार तुटली. या मर्यादा माझ्या डोक्यातल्या नाहीत, नामुर एनई४३ म्हणून शिफारस आहे आणि चांगले ट्रान्समीटर त्याप्रमाणेच वागतात.

बोर्ड लावून आठवडा झाला. मेला नाही, पण लॉगमध्ये ४०९५ च्या ओळी होत्या. सगळ्या ओळींच्या वेळा मोटर चालू झाल्याच्या वेळांशी सेकंदासकट जुळत होत्या. आधी चिप पहिल्याच झटक्याला मरायची, त्यामुळे हे कधी कळलंच नव्हतं.

विहिरीवर गेलो. मोटर चालू होताना पाइप एक हिसका देतो, आणि त्याच पाइपला ट्रान्समीटरची केबल सुतळीने बांधलेली. काठापासून हातभर खाली काळ्या टेपचा एक गठ्ठा. टेप सोडली, आत दोन्ही तारांचे पिळे शेजारी शेजारी, मध्ये काही नाही, तांबं हिरवं पडलेलं. काकांनी वाकून बघितलं.

"हा जोड तर मीच मारलाय," ते म्हणाले, "गेल्या पाडव्याला. उंदरानं कुरतडली होती."